नख लावायचं झाड

तुळशीला नख लावू नये, हे आईने मला मी पाच-सहा वर्षांची असताना शिकवलं. पान हवं असेल तर देठापाशी दोन बोटांत अलगद धरायचं, मनातल्या मनात क्षमा मागायची आणि मग खुडायचं. रविवारी नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर तर मुळीच नाही. हा नियम माझ्या हाताला इतका बसला होता की मागच्या परसात लावलेल्या थाई बेसिल या तुळशीसारख्या दिसणाऱ्या झाडाच्या शेंड्यावर पहिल्यांदा नख टेकवलं तेव्हा बोट पुढे जाईना. आणि हे झाड नेमकं असं, की शेंडा खुडला नाही तर ते धड वाढतच नाही.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, म्हार्दोळपासून थोडं आत. घरात बोलणं कोकणीत, लिहिणं-वाचणं मराठीत, जसं आमच्याकडच्या बहुतेक घरांत असतं. पुढे अंगणात वृंदावन, मागे विहीर, चार माड, पोफळी आणि त्यांच्या कडेने माझं परसू. मिरची, वांगी, मेथी, वाल, अळू, लाल भाजी एवढंच मी वर्षानुवर्षं करत आले. थाई बेसिल आलं ते पुतण्यामुळे. तो मोरजीला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. सोमवारी त्याला सुट्टी असते, तेव्हा घरी येतो. तीन वर्षांपूर्वी असाच एका सोमवारी ओल्या कागदात गुंडाळलेली एक जुडी घेऊन आला आणि म्हणाला, "काकी, हें तुज्या परसांत जातलें?" म्हणजे, हे तुझ्या परसात होईल का?

मी जुडी हातात घेतली. पहिल्यांदा वाटलं, कृष्ण तुळसच आहे. पण तुळशीच्या दांड्यावर आणि पानांवर बारीक लव असते, ही पानं गुळगुळीत होती, निमुळती, टोकाला अणकुचीदार, कडेला अगदी पुसट दाते. दांडा जांभळा आणि चौकोनी. बोटांत फिरवला की चारही कडा लागतात. पान चुरगळलं तर आधी बडीशेप, मग ज्येष्ठमधासारखं काहीतरी गोड, आणि सगळ्यांच्या मागे लवंगेचा हलका ठसका. तुळशीचा वास घशात उतरतो, हा नाकाच्या शेंड्यावरच रेंगाळतो.

पुतण्याने मग सगळं समजावलं. थाई स्वयंपाकात तीन प्रकार असतात. आपल्याला थाई बेसिल म्हणून मिळतं ते होरापा. हिरव्या करीत, नारळाच्या रसात शेवटी घालतात ते हेच. दुसरं मेंगलक, त्याला लिंबाचा वास. आणि तिसरं कप्राव, म्हणजे चक्क आपल्या तुळशीची जात. ती तिकडे मिरची-लसणीबरोबर खिम्यात परततात. सासूबाई पडवीत सुपारी कातरत हे ऐकत होत्या. त्या यावर काही बोलल्या नाहीत, पण जुडीकडे बोट दाखवून एवढं सांगितलं, "तें वृंदावनाकडेन लावूं नाका." म्हणून ते मागच्या परसात गेलं, आणि आजही तिथेच आहे.

त्या जुडीतल्या सहा काड्या मी काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवल्या. पाण्याखाली पानं राहिली होती, ती तीन दिवसांत कुजली, पाण्याला वास सुटला आणि चार काड्या गेल्या. उरलेल्या दोघींची खालची पानं काढली, रोज सकाळी पाणी बदललं. नवव्या दिवशी बाटली उजेडात धरली तर पेऱ्यातून पांढरे, दोऱ्यासारखे तंतू फुटलेले दिसले. जिथे आधी पानांची जोडी होती नेमक्या तिथेच मुळं येतात, हे तेव्हा कळलं. आता मी काडी पेऱ्याच्या जरा खाली कापते, म्हणजे निदान एक पेरं पाण्यात बुडतं. काडी बोटभर पुरे. तुऱ्याची काडी घ्यायची नाही, तिला मुळं धरायला वेळ लागतो. मुळं इंच-सव्वा इंच झाली की लावायची; त्याहून जास्त दिवस पाण्यात ठेवली तर मातीत गेल्यावर रोप माना टाकतं.

दोन रोपांनी समाधान होईना, म्हणून एका ऑनलाइन दुकानातून बियाणं मागवलं. पाकिटावर थाई बेसिलचा फोटो होता. बी काळं, बारीक, सब्ज्यासारखं. मी मेथी पेरते तसं बोटाने खड्डा करून पेरलं आणि तांब्याने पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बिया वर आलेल्या, प्रत्येकीभोवती धुरकट, बुळबुळीत आवरण, फालुद्यातल्या सब्ज्यासारखं. नंतर लक्षात आलं की सब्जा आणि थाई बेसिल जातीने एकच, ओसिमम बॅसिलिकम. पाणी लागलं की दोघांचंही बी फुगतं. उरलेलं मुंग्यांनी नेलं. दुसऱ्या खेपेला मी पसरट डब्यात भिजवलेल्या मातीवर बी नुसतं भुरभुरलं, वरून चाळलेल्या खताची मिठाएवढी चिमूट, आणि पाणी फवाऱ्याने. डबा बशीत ठेवून बशीत पाणी ओतलं, म्हणजे मुंग्या चढल्या नाहीत. पाचव्या दिवशी हिरवं दिसायला लागलं.

महिनाभराने मात्र कळलं की फसवणूक झाली आहे. पानं आली ती रुंद, वाटीसारखी वळलेली, फिकट हिरवी, दांडाही हिरवाच. बडीशेपेचा मागमूस नाही. हे पिझ्झ्यावर घालतात ते इटालियन बेसिल. दुकानाला कळवलं, उत्तर आलं नाही. रोपं जोमात होती, उपटून टाकवेना, म्हणून ती थाई बेसिलच्या कुंड्यांशेजारीच ठेवली. या दयेची किंमत पुढच्या पावसाळ्यात मोजावी लागली, ते पुढे सांगतेच.

मातीबद्दल थोडं. आमची माती जांभ्याची, तांबडी. पावसात लोण्यासारखी, उन्हात विटेसारखी, आणि आंबटपणाकडे झुकणारी. थाई बेसिलला पाणी लागतं पण साचलेलं चालत नाही. मी दोन वाटे माती, एक वाटा मुरलेलं शेणखत आणि एक वाटा काथ्याचा भुसा घेते. भुसा घरच्याच सोडणांचा. तो आधी दोन-तीन वेळा भिजवून तपकिरी पाणी फेकून द्यायचं, नाहीतर त्यातला क्षार आणि कस रोपांना बाधतो. कुंडीच्या तळाला सोडणाचे तुकडे उपडे घालते. न्हाणीच्या चुलीतली राख एका कुंडीला एक मूठ, त्याहून जास्त नाही. दहा-बारा इंची कुंडीत एकच रोप. सुरुवातीला मी तीन-तीन लावायची आणि तिन्ही काटकुळी राहायची.

खत फार घालू नये, हेही पहिल्या वर्षी शिकले. मी शेणाचं पाणी दर आठवड्याला घालत होते. पानं हातभर आली, गडद हिरवी, पण पुतण्या वास घेऊन म्हणाला, "काकी, यात जीव नाही." खत महिन्यातून एकदा केलं आणि कुंड्या सहा तास ऊन मिळेल अशा जागी सरकवल्या. दोन-तीन आठवड्यांनी आलेली पानं आकाराने लहान होती, पण परसात शिरलं की अंगाला वास लागायचा.

आता त्या खुडण्याकडे वळते, कारण सगळं झाड त्यावर उभं आहे. रोप वीतभर झालं की त्याला पानांच्या चार-पाच जोड्या येतात. जोडी समोरासमोर, आणि वरची जोडी खालच्या जोडीला आडवी, म्हणजे वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. प्रत्येक पानाच्या बगलेत मुगाच्या डाळीएवढा कोंब दबा धरून बसलेला असतो. शेंडा जोवर वर आहे तोवर तो कोंब हलत नाही. तिसऱ्या जोडीच्या किंचित वर अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांत दांडा धरायचा आणि दाबायचा. कोवळा दांडा असेल तर बारीक 'टच्' असा आवाज येतो आणि शेंडा हातात येतो. चार-पाच दिवसांत दोन्ही बगलांतले कोंब उठतात. एकाचे दोन, त्या दोन फांद्या खुडल्या की चार, मग आठ. दीड-दोन महिन्यांत एका काडीचं घमेलं भरेल एवढं झुडूप होतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, पुतण्याने कागदावर चित्र काढून दिलं होतं, तरी पहिले तीन आठवडे मी खुडलं नाही. सकाळी वृंदावनाला पाणी घालून मागे यायचं आणि तशाच दिसणाऱ्या झाडाला नख लावायचं, हे जमेना. नुसती खालची मोठी पानं तोडत राहिले, जी खरं तर झाडाचं पोट भरणारी. दोन्ही रोपं काठीसारखी सरळ वाढली, गुडघ्याएवढी झाली आणि टोकाला जांभळे तुरे आले. तुरा आला की झाडाचा सगळा जोर बियांकडे जातो. पानं लहान होतात, राठ होतात, चव कडवट होते. शेवटी पुतण्यानेच माझ्यासमोर एका रोपाचा अर्ध्याहून वरचा भाग कातरला. मला वाटलं मेलं. पंधरा दिवसांनी त्या रोपाला सात फांद्या होत्या आणि मी हात न लावलेल्या शेजारच्या रोपाला एक.

तेव्हापासून मी खुडते, मनापासून खुडते. एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढायचं नाही आणि फांदीवर खाली निदान दोन जोड्या हिरव्या ठेवायच्या, एवढं पाळते. नुसत्या लाकडी दांड्याला नवे कोंब सहजी फुटत नाहीत. खुडताना नखात तो रस जातो. दुपारी भाकरीचं पीठ मळताना बोटांना बडीशेपेचा वास येत असतो.

खुडलेल्या तुऱ्यांचं काय करायचं, हे सासूबाईंनी ठरवलं. त्यांचं माहेर कारवारचं. एके दिवशी मी सुपात तुरे टाकले होते, त्यातला एक त्यांनी उचलला, नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "ही तर कामकस्तुरी गो!" कारवारकडे सब्ज्याला कामकस्तुरी म्हणतात आणि त्याचे तुरे त्या लहानपणी वेणीत माळायच्या. या झाडाला त्यांनी त्या दिवसापर्यंत नावच दिलं नव्हतं, 'तें' म्हणायच्या. आता आबोलीची फाती ओवताना मध्ये मध्ये जांभळा तुरा घालतात. केशरी फुलं आणि तो जांभळा रंग शेजारी-शेजारी इतके शोभतात की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं काम ठेवून बघत राहिले. एका झाडाचे तुरे मात्र मी मुद्दाम ठेवते. सकाळी आठच्या सुमाराला त्यावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या मिरची-वांग्यालाही फिरून जातात.

ऑक्टोबर ते मार्च हा या झाडाचा आमच्याकडचा खरा हंगाम. जानेवारीतल्या पहाटेसुद्धा गोव्यात पारा 20 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा थंडीची भीती नाही. दर दहा-बारा दिवसांनी खुडणी होते आणि नेमके याच महिन्यांत किनाऱ्यावरच्या हॉटेलांना गिऱ्हाईक असतं. पहिली मोठी जुडी पुतण्याला दिली तेव्हा मी शहाणपणा करून ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पानं काळी पडून ओल्या चिंधीसारखी झाली होती. बेसिलला फ्रिजची थंडी सोसत नाही. दहा-बारा अंशांच्या खाली पान भाजल्यासारखं होतं. आता सकाळी दंव वाळल्यावर काड्या कापते, पेल्यात पाणी घालून फुलांसारख्या उभ्या ठेवते, आणि द्यायच्या वेळी ओल्या फडक्यात बांधून वरून केळीचं पान. मोरजीला पोचेपर्यंत त्या तशाच ताज्या असतात.

स्वयंपाकात हे पान कसं घालायचं, तेही चुकत शिकले. आम्हा लोकांना तिरफळांची सवय. बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून घातली, उकळी आली की चव उतरते. मी थाई बेसिलही तसंच नारळाच्या रसात उकळलं. वास उडून गेला आणि आमटीत काळपट पानं तेवढी तरंगत राहिली. पुतण्याने मग एका सोमवारी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, आणले. लसूण, लाल मिरची तेलात, त्यावर धुतलेल्या तिसऱ्या, झाकण. शिंपले उघडल्याचे टकटक आवाज आले की विस्तव बंद, आणि मग मूठभर पानं टाकून दोनदा हलवलं. बस. थायलंडात तिसऱ्या अशाच या पानांबरोबर करतात, तिखट चटणी घालून. आमच्या चुलीवर समुद्राचा वास आणि बडीशेपेचा वास एकत्र आले तेव्हा घरातले सगळे न बोलावता स्वयंपाकघरात आले.

मार्चअखेर उष्मा वाढतो तसा पिठ्या ढेकूण येतो. पानाच्या बगलेत कापसाचा ठिपका दिसला आणि दांड्यावर मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. मुंग्या पिठ्याचा गोड चिकटा चाटतात आणि त्याला राखतात, म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोडायचा. कुंडी विटांवर, विटा पाण्याच्या परातीत. पिठ्या थोडा असेल तर दातांच्या जुन्या ब्रशने, साबणाच्या पाण्याने पुसून काढते. फार असेल तर खाण्याजोगं सगळं कापून घेते आणि मग लिटरभर पाण्याला 5 मिलि. कडुनिंबाचं तेल, चार थेंब पातळ साबण, सूर्य कलल्यावर फवारा. आधी फवारून मग पान खाल्लं तर त्याला कडुनिंबाचीच चव येते. मे महिन्यात दुपारचं ऊन पोफळीच्या सावलीत जाईल अशी जागा, मुळाशी सुक्या झावळीचे तुकडे, आणि पाणी सकाळ-संध्याकाळ. याहून जास्त उन्हाळ्याने मला त्रास दिला नाही. हे झाड उष्ण मुलखातलंच आहे.

त्रास दिला तो पावसाने. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पहिल्या मेअखेर माझ्याकडे थाई बेसिलच्या अकरा कुंड्या होत्या, सगळ्या उघड्यावर. पहिल्या सरींनी झाडं तरारली. मला वाटलं, आता चार महिने पाणी घालायचं काम नाही. जूनच्या शेवटी इटालियन बेसिलची खालची पानं पिवळी पडायला लागली. पूर्ण पान नव्हे. शिरांच्या मधले चौकोन पिवळे, जणू कुणी पट्टीने आखून रंगवलेत. मला ती उपासमार वाटली, म्हणून वर शेणखत घातलं. आठवड्याने पानं गळू लागली आणि शेजारच्या दोन थाई बेसिललाही तसेच चौकोन दिसले. एका सकाळी अंधार असतानाच बॅटरी घेऊन गेले, पान उलटं केलं, तर खालून राखाडी-जांभळट लव आलेली, धूळ बसल्यासारखी. बोट लावलं तर बोटाला लागली.

ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फोंड्याच्या कृषी कार्यालयात नेलं. तिथल्या अधिकारीबाईंनी भिंगाखाली धरून लगेच सांगितलं, केवडा. द्राक्षाला, काकडीला येतो त्याच घराण्यातला, बेसिलवर पडणारा. रात्रभर पान ओलं राहिलं की तो वाढतो, वाऱ्याने पसरतो, कधी बियाण्यातूनही येतो. इटालियन बेसिल त्याला सगळ्यांत लवकर बळी पडतं. थाई बेसिल त्यामानाने टिकतं, पण शेजारी रोगाचा ढीग असेल तर तेही किती तग धरणार? मी घरी आले आणि ती इटालियन रोपं मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकली. खताच्या खड्ड्यात घातली नाहीत. पण उशीर झाला होता. तीन थाई बेसिल केवड्याने गेले, चार मुळं कुजून. मुळं कुजलेलं झाड फसवतं. पाणी असूनही दुपारी माना टाकतं, मग आपण आणखी पाणी घालतो. उपटलं तर मुळाची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. उरलेल्या चारांपैकी दोन गोगलगायींनी एका रात्रीत फस्त केली.

गोगलगायींबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण आमच्याकडे ती मोठी, वीतभर लांब होणारी आफ्रिकी गोगलगाय पावसात भिंतींवरसुद्धा चढते. कोरडी राख टाकून उपयोग नाही, दोन सरींत धुऊन जाते. रात्री नऊनंतर बॅटरी आणि चिमटा घेऊन फिरायचं आणि वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचं, हाच उपाय मला लागू पडला. मीठ मातीवर टाकायचं नाही. उघड्या हाताने तर गोगलगायीला धरायचंच नाही. तिच्या अंगात माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा कृमी असू शकतो. म्हणून पावसाळ्यात या परसातलं कुठलंही पान मी कच्चं खात नाही आणि एरवीही नळाच्या धारेखाली एकेक पान धुते.

दुसऱ्या वर्षापासून पावसाळ्याची रीत बदलली. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरतो त्याच सुमाराला, सगळ्या झाडांची अर्ध्यावर छाटणी करते. त्यातल्या चार कुंड्या पूर्वेकडच्या पडवीत, कौलांच्या पागोळ्या पडतात त्याच्या दोन हात आत. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर, वारा खेळायला. खत बंद. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी, मुळाशी, पानावर थेंब न पडू देता. पिवळं पान दिसलं की काढायचं. बाकीची झाडं बाहेरच राहतात आणि ती जातील हे धरूनच चालते. या चार महिन्यांत पानांची अपेक्षा ठेवत नाही. पुतण्याचं हॉटेलही तेव्हा बंद असतं.

बियांचा नाद मी सोडून दिला आहे. सासूबाईंनी माहेरहून कामकस्तुरीचं बी आणून परसात लावलं होतं. माझ्या थाई बेसिलचे तुरे आणि त्यांचे तुरे एकाच वेळी फुलले, मधमाश्या दोघांवर फिरल्या. पुढच्या वर्षी घरच्या बियांतून वीस रोपं आली, त्यातली बारा भलतीच. काहींचा दांडा हिरवा, काहींना रुंद पान, दोघांना वासच नाही. जात एकच असल्यामुळे ती सहज मिसळतात. अंगणातली तुळस वेगळी, ओसिमम टेन्यूफ्लोरम, त्यामुळे तिची काळजी नाही. ही बारा रोपं मी सासूबाईंच्या कामकस्तुरीच्या रांगेत लावली, आणि तेव्हापासून थाई बेसिल फक्त काड्यांवरून करते. एक झाड आमच्याकडे वर्ष-दीड वर्ष चांगलं चालतं, मग खोड लाकूड होतं आणि पानं चिमुकली येतात. त्याआधी त्याच्या काड्या पाण्यात गेल्या पाहिजेत.

यंदा पडवीतल्या चारही कुंड्या पावसातून निभावल्या. चतुर्थी झाली, गणपतीवर फळा-पानांनी सजवून टांगलेली माटोळी उतरवली, त्या आठवड्यात मी चौदा काड्या तीन बाटल्यांत ठेवल्या. बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हाची तिरीप येते तिथे. अकरांना मुळं आली. दसऱ्याला त्या मातीत गेल्या आणि आता प्रत्येकीला चार जोड्या आहेत, म्हणजे खुडायला आल्या.

काल रविवार होता. संध्याकाळी परसात गेले, एका रोपाच्या शेंड्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. ही तुळस नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण रविवारी आणि तिन्हीसांजेला मी याही झाडाला नख लावत नाही. आज सकाळी पुतण्या यायच्या आत अकराही शेंडे खुडले. ते पेल्यात, पाण्यात उभे आहेत. त्यांचीही खालची पानं काढून झाली आहेत.